नांदेडहून सरळ उत्तरेला

नांदेडहून अमृतसरला कसे जायचे, असे मराठवाड्यात कोणालाही विचारले तर सचखंड एक्सप्रेस हेच उत्तर येते. सकाळी नांदेड सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी रात्री अमृतसरला उतरायचे, असा हा सुमारे ३५ तासांचा प्रवास आहे. लोहमार्गाने हे अंतर २०८० किलोमीटरच्या घरात जाते, तर दोन्ही शहरांमधील हवाई अंतर १४१० किलोमीटरच्या आसपास आहे. मधले साडेसहाशे-पावणेसातशे किलोमीटर नेमके जातात कुठे, हा प्रश्न आमच्या मामांना अनेक वर्षे छळत होता. मामा भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले असल्यामुळे कोणतेही अंतर स्वतः मोजल्याशिवाय त्यांना पटत नाही. म्हणून जाताना विमान आणि येताना सचखंड असा बेत ठरला. मामी, मामा आणि मी असे आम्ही पौषातल्या कडाक्याच्या थंडीत परभणीहून निघालो.

गुरुवार : परभणी, नांदेड, हिंडन, आदमपूर, अमृतसर

नांदेडहून थेट अमृतसरचे विमान आम्हाला मिळाले नाही. जे मिळाले ते दिल्लीजवळच्या हिंडनला थांबून जालंधरजवळच्या आदमपूरला जाणारे होते आणि तिथून अमृतसर रस्त्याने गाठायचे होते. परभणीहून नांदेड सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर आहे. पहाटे साडेपाचला गाडीने निघून उजाडता उजाडता आम्ही विमानतळावर पोहोचलो. नांदेडचा विमानतळ लहान असला तरी त्याला इतिहास आहे. २००८ मध्ये गुरुता गद्दीच्या, म्हणजे नांदेडला ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याच्या, त्रिशताब्दीच्या निमित्ताने त्याचे रूप पालटले आणि एप्रिल २०१७ मध्ये उडान योजनेतील देशातल्या पहिल्या काही विमानसेवांमध्ये नांदेड–हैदराबाद ही सेवा होती. तरीही इथून सुटणारी विमाने आणि त्यांचे मार्ग वरचेवर बदलतात. त्यामुळे कोणाच्या सांगण्यावर विसंबून न राहता तिकीट काढण्याच्या दिवशी वेळापत्रक पाहावे, हे बरे.

सामान तपासणीच्या रांगेत आमच्यापुढे लुधियानाकडचे एक वयस्कर जोडपे होते. हजूर साहिबच्या दर्शनाला आलेल्या या आजोबांनी गुरुद्वाऱ्याजवळच्या बाजारातून नातवासाठी एक सुबक तलवार घेतली होती आणि ती हातातल्या पिशवीत होती. ती सोबत नेता येणार नाही, हे कर्मचाऱ्याने त्यांना समजावून सांगितले आणि तलवार मोठ्या बॅगेत बांधून विमानाच्या पोटात रवाना झाली. देशांतर्गत विमानात शीख प्रवाशाला कृपाण बाळगता येते. मात्र पात्याची लांबी सहा इंचांहून आणि एकूण लांबी नऊ इंचांहून अधिक असता कामा नये. नांदेडहून तलवार, खंजीर अशी भेटवस्तू नेणाऱ्यांनी ती घरूनच मोठ्या बॅगेत भरून आणावी.

विमान नऊच्या सुमारास सुटायचे होते. साडेनऊ झाले तरी फलाटावर, म्हणजे धावपट्टीच्या कडेला, ते जागचे हलले नव्हते. बाहेर लख्ख ऊन होते, आकाशात ढगाचा ठिपका नव्हता आणि मामांची चुळबुळ सुरू झाली होती.

"अरे, इतकं ऊन पडलंय, मग थांबायलोय कशाला आपण?" त्यांनी मला विचारले.

उत्तर शेजारच्या खुर्चीवरून आले. तिथे निळा फेटा बांधलेले साठीतले एक सरदारजी बसले होते. "काका, इथल्या उन्हाला काय करता? उतरायचं तिकडं आहे ना. तिकडं धुकं पडलंय, हाताला हात दिसंना गेलाय." हे त्यांनी अस्सल नांदेडी मराठीत सांगितले. त्यांच्या कित्येक पिढ्या नांदेडातच गेल्या होत्या, वाहनांच्या सुट्या भागांचे दुकान होते आणि होशियारपूरला दिलेल्या लेकीकडे ते निघाले होते. डिसेंबरअखेर ते जानेवारीअखेर या काळात उत्तरेकडची सकाळची विमाने धुक्याने अडतात. वैमानिकाला धावपट्टी ठरावीक अंतरावरून दिसली नाही तर उतरता येत नाही आणि आकाशात घिरट्या घालून इंधन जाळण्यापेक्षा निघण्याच्याच ठिकाणी थांबणे शहाणपणाचे ठरते. धुके दहा-साडेदहानंतर विरळ होते. या दिवसांत शक्य तिथे दुपारचे विमान घ्यावे आणि सकाळचेच असेल तर पुढची गाडी किंवा रेल्वे लगेच जोडून ठरवू नये. मामींनी तेवढ्यात धपाट्यांचा डबा उघडला, शेंगदाण्याची चटणी निघाली आणि सरदारजींनी दोन धपाटी मनापासून खाल्ली. "लेकीला पण हेच पाहिजे असते," असे म्हणून त्यांनी स्वतःच्या पिशवीत नेत असलेला तसलाच डबा दाखवला.

विमान साडेदहाच्या आगेमागे हलले. शहात्तर आसनांचे, दोन्ही बाजूंना दोन-दोन खुर्च्या असलेले हे एम्ब्राएर विमान होते. मधली खुर्ची नसल्यामुळे निम्म्या प्रवाशांना खिडकी मिळते. मामांनी खिडकी आधीच मागून घेतली होती. खिशातून त्यांनी घडी घातलेला नकाशा काढला, त्यावर पेन्सिलीने एक उभी रेघ मारलेली होती आणि ती पाहून मलाही नवल वाटले. नांदेड ७७.३ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि हिंडनही जवळजवळ त्याच रेखांशावर आहे. म्हणजे हे विमान पूर्वेला किंवा पश्चिमेला फारसे न वळता सरळ उत्तरेला जाते. अक्षांशांतील फरक साधारण साडेनऊ अंशांचा आहे. एका अंशाला १११ किलोमीटर धरले की अंतर १०५५ किलोमीटर येते. कागद-पेन्सिलीवर हा गुणाकार करून मामांनी तो माझ्यापुढे धरला. पृथ्वी गोल असल्यामुळे लांबच्या दोन शहरांमधला सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावर एरवी वाकडा दिसतो; पण दोन्ही गावे एकाच रेखांशावर असली की नकाशावरची सरळ रेघ हाच खरोखर सर्वांत जवळचा मार्ग असतो.

तिकिटावर या टप्प्याला दोन तास लिहिलेले होते. १०५५ किलोमीटरला दोन तास म्हणजे ताशी सव्वापाचशे किलोमीटर, आणि जेट विमानाला हा वेग कमी वाटतो. त्याचे कारण असे की तिकिटावरची वेळ केवळ उड्डाणाची नसते. विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून मुक्कामी पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा सगळा वेळ तीत धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, पुढच्या विमानासाठी थांबणे, उतरल्यावर वळसा घेऊन येणे हे सगळे त्यात आले. शिवाय आकाशातील मार्ग ठरावीक बिंदूंवरून आखलेले असतात, मोठ्या विमानतळाजवळ उतरण्यासाठी रांग लागते आणि चढताना व उतरताना वेग कमी असतो. आम्ही जमीन सोडल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत सुमारे दीड तास लागला. मोबाईल विमान-स्थितीत ठेवला तरी त्यातील जीपीएस चालते, कारण ते उपग्रहांचे संदेश फक्त घेते. नकाशा आधी उतरवून ठेवला आणि खिडकीजवळ बसले तर वेग, उंची आणि जागा पाहता येते. आमच्या पडद्यावर एका वेळी ताशी ७८० किलोमीटर हा आकडा दिसला आणि मामांनी तो वेळेसह वहीत टिपून घेतला.

पैनगंगा मागे पडल्यावर वऱ्हाडातली चौकोनी शेते दिसली, मग मेळघाटाच्या करड्या-हिरव्या डोंगररांगा आल्या. मामांच्या रेघेवर चिखलदरा होते. उड्डाणाला पाऊण तास झाला नसेल तोच डाव्या अंगाला एक भलामोठा तलाव चमकला. ते भोपाळ होते. नांदेड–भोपाळ हे हवाई अंतर साडेचारशे किलोमीटर आहे. सचखंडने निघालेल्या माणसाला भोपाळ यायला मध्यरात्र उलटते, कारण मनमाड, भुसावळ, इटारसी असा तिचा मार्ग सव्वानऊशे किलोमीटरच्या पुढे जातो, म्हणजे हवाई अंतराच्या दुपटीहून अधिक. भोपाळच्या पुढे मात्र ग्वाल्हेर, आग्रा करत नवी दिल्लीपर्यंतचा लोहमार्ग सातशे किलोमीटर आहे आणि हवाई अंतर सहाशेच्या आसपास. मामांनी वहीत दोन रकाने पाडले, आकडे मांडले आणि वळून म्हणाले, "वाकडेपणा सगळा आपल्याकडंच आहे रे. तिकडं रूळ सरळच आहेत."

उत्तरेत शिरल्यावर खाली दुधासारखा पांढरा थर पसरला होता आणि त्यातून एकही गाव दिसत नव्हते. हिंडन हा गाझियाबादचा वायुदलाचा तळ आहे. त्याच्या एका बाजूला २०१९ पासून नागरी विमानांची सोय झाली आहे. दिल्लीचा मोठा विमानतळ इथून शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. पुढचे विमान तिथून असेल तर मधल्या रस्त्यासाठी किमान चार तास हाताशी ठेवावेत, असे एका सहप्रवाशाने बजावून सांगितले. आम्हाला विमानातच बसून राहायचे होते. निम्मे प्रवासी उतरले, तितकेच चढले आणि अर्ध्या तासाने आम्ही पुन्हा निघालो. हिंडन–आदमपूर अंतर ३४० किलोमीटरच्या आसपास आहे, तरी तिकिटावर वेळ एक तासाची आहे. अंतर एक तृतीयांश झाले म्हणून वेळ एक तृतीयांश होत नाही, कारण चढण्या-उतरण्याचा आणि जमिनीवरचा वेळ दोन्हीकडे सारखाच लागतो. आदमपूरही वायुदलाचा तळ असल्यामुळे उतरण्याआधी खिडक्यांचे पडदे खाली ओढायला सांगण्यात आले आणि छायाचित्रे काढू नयेत अशी सूचना झाली. पंजाबची जमीन वरून कशी दिसते हे पाहायला आसुसलेल्या मामांना शेवटची दहा मिनिटे पांढऱ्या प्लास्टिककडे बघत काढावी लागली.

आदमपूरहून अमृतसर शंभर-सव्वाशे किलोमीटर आहे. टॅक्सी जालंधरवरून जुन्या ग्रँड ट्रंक रोडने निघाली, करतारपूर मागे पडले, बियास नदी ओलांडली. अमृतसरच्या मुक्कामी टेकलो तेव्हा पाच वाजत आले होते. परभणीच्या घरापासून अमृतसरच्या खोलीपर्यंत साडेअकरा तासांच्या आसपास लागले आणि त्यांपैकी जेमतेम अडीच तास आम्ही जमिनीपासून वर होतो. तरीही सचखंडच्या हिशेबाने त्या वेळी आम्ही खांडवाही गाठलेले नसते.

शुक्रवार : अमृतसर

सकाळी सहाला बाहेर पडलो तर रस्त्याच्या पलीकडची दुकाने दिसत नव्हती. परभणीत थंडी म्हणजे पहाटेचा स्वेटर. इथे मामींनी दोन शाली घेतल्या, तरी दात वाजत होते. हरमंदिर साहिबच्या, म्हणजे सुवर्णमंदिराच्या, संगमरवरी प्रदक्षिणा मार्गावर अनवाणी चालताना पाय बधिर होतात, म्हणून बाहेर आल्यावर घालायला जाड मोजे जवळ ठेवावेत. धुक्यात सरोवराचे पाणी आणि आकाश एकच झाले होते आणि मंदिर जवळ जाईपर्यंत केवळ कीर्तनाच्या आवाजावरूनच ओळखू येत होते.

आदिग्रंथाची प्रतिष्ठापना १६०४ मध्ये इथे झाली आणि १७०८ मध्ये नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी त्याच ग्रंथाला गुरुपद दिले. नांदेडची सचखंड आणि नांदेडचे विमान पंजाबकडे का धावतात, याचे उत्तर या दोन सनांत आहे.

लंगरमध्ये डाळ, पोळी, भाजी आणि खीर होती. रोज पन्नास हजारांहून अधिक माणसे इथे जेवतात आणि तरी पंगत उठून दुसरी बसायला काही मिनिटेच लागतात. मामी थोड्या वेळाने पोळ्या लाटणाऱ्या बायकांमध्ये जाऊन बसल्या. त्यांची पोळी आपल्याकडच्यासारखी पातळ होती, ती पाहून शेजारच्या पंजाबी आजींनी हसून त्यांच्या हातातले पीठ काढून घेतले आणि जाड पोळी कशी असते ते दाखवले. दुपारी गल्लीतल्या एका लहान दुकानात अमृतसरी कुलचा खाल्ला: तंदुरात भाजलेला, बटाटा-कांदा भरलेला, वर लोण्याचा गोळा आणि बाजूला छोले व चिंचेची कांद्याची चटणी. एकाला एक पुरतो. आम्ही तिघांत चार मागवले आणि संध्याकाळपर्यंत कोणी जेवणाचे नाव काढले नाही. जालियनवाला बाग पाहिली. तिथल्या भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणांपुढे कोणी फारसे बोलले नाही.

शनिवार : घुमान

गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमानला जायचे हे मामींनी घरूनच ठरवले होते. हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे संत नामदेव उत्तरेत फिरले आणि आयुष्याची अनेक वर्षे घुमानला राहिले, अशी परंपरा आहे. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरले होते आणि आमच्या भागातून पुष्कळ माणसे त्यासाठी आली होती. अमृतसरहून गाडीने दीड तास लागला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळीधम्मक मोहरी आणि उसाने भरलेल्या ट्रॉल्या होत्या. उसाच्या ट्रॉल्या पाहून मामांना वसमतचा रस्ता आठवला.

नामदेवांच्या दरबारात एका वृद्ध सेवादाराने कुठून आलात असे विचारले. मी महाराष्ट्र म्हणालो, मामी 'नरसीच्या जवळून' म्हणाल्या, आणि मामींचे उत्तर अधिक कामाचे ठरले. त्यांनी आम्हाला थेट आत नेऊन बसवले, गुळाचा खडा आणि मक्याची भाकरी दिली, वर सरसोंच्या भाजीत चमचाभर तूप सोडले. मक्याची ती भाकरी आपल्या ज्वारीच्या भाकरीएवढी मऊ नव्हती, पण गरम होती आणि बाहेर हुडहुडी भरत होती.

मामांची वही इथेही निघाली. नरसी ते घुमान हवेतून तेराशे किलोमीटरच्या थोडे पुढे भरते. पायी चालणारा माणूस रोज पंचवीस किलोमीटर चालला आणि रस्ता अगदी सरळ मिळाला तरी बावन्न-त्रेपन्न दिवस. नद्या, डोंगर आणि मुक्काम धरले तर तीन महिन्यांच्या खाली हे होणे नाही. नामदेवांची चाल त्याहून फार संथ असणार, कारण ते कीर्तन करत निघाले होते. मामांनी आकड्यापुढे 'किमान' असे लिहून त्याखाली रेघ ओढली.

रविवार आणि सोमवार : सचखंड

परतीची सचखंड अमृतसरहून पहाटे सुटते. या गाडीची खासियत लंगर आहे. मार्गातल्या काही स्थानकांवर सेवादार बादल्या घेऊन उभे असतात. डबा थांबला की डाळ, भात, भाजी, पोळी वाढतात आणि पैसे घेत नाहीत. मुरलेले प्रवासी स्वतःची ताटे-वाट्या घेऊनच चढतात. आम्हाला हे ठाऊक असल्यामुळे स्टीलची तीन ताटे अमृतसरच्या बाजारात घेतली. ज्यांच्याकडे भांडी नव्हती त्यांनी बिस्किटाच्या पुड्याचे झाकण, टिफिनचे ताट, जे हाताला लागेल ते पुढे केले. नवी दिल्लीच्या फलाटावर कढी-भात मिळाला आणि समोरच्या बाकावरच्या फौजी जवानाने माझ्या ताटातल्या भातावर आपल्याकडचे लोणचे वाढले.

दिल्लीपासून भोपाळपर्यंत गाडीने खरोखर वेग धरला. रात्र तिकडेच गेली. जाग आली तेव्हा भुसावळ मागे पडले होते आणि गाडी मनमाडकडे निघाली होती. इथून पुढचे सगळे अंतर मामांनी खिडकीशी बसून मोजले. नांदेडहून मनमाडला येताना सचखंड साडेतीनशे किलोमीटर धावते, पण उत्तरेकडे सरकते जेमतेम सव्वाशे. बाकी सगळी धाव पश्चिमेची. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास, हैदराबादहून गोदावरी खोऱ्यातून मनमाडला मुंबईच्या मार्गाशी जोडण्यासाठी ही मीटरगेज, म्हणजे कमी रुंदीच्या रुळांची वाट, टाकली गेली. ज्यांनी ती टाकली त्यांना मुंबईच्या मार्गाला मिळायचे होते; दिल्लीला जाणारा परभणीकर त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता. रूळ रुंद झाले, वळण तेच राहिले.

सरळ उत्तरेचा मार्ग पूर्वी होता, हे मामांनी आवर्जून सांगितले. पूर्णा, हिंगोली, वाशीम, अकोला आणि मेळघाटातून खांडवा अशी मीटरगेज होती आणि जयपूरला जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस त्यावरून धावत असे. नोकरीच्या सुरुवातीला मामा तिने अकोल्याला गेले होते. पूर्णा–अकोला २००८ च्या सुमारास ब्रॉडगेज झाली, पण मेळघाटातील तुकडा व्याघ्र प्रकल्पामुळे अडला. अकोल्यावरून भुसावळ गाठले तरी मनमाडच्या फेऱ्यापेक्षा दीडशे किलोमीटर वाचतात. मात्र तशी गाडी नेली तर परभणी, जालना आणि छत्रपती संभाजीनगर ही तिन्ही स्थानके सुटतात, आणि सचखंडला या स्थानकांवरही पुष्कळ लोक चढतात. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या मार्गाचे काम चालू आहे; तो पूर्ण झाला की नांदेडकरांना वर्ध्याहून इटारसीकडे जाण्याची आणखी एक वाट मिळेल.

विमानाने उत्तर-दक्षिण जाताना आणखी एक गोष्ट घडते, ती रेल्वेच्या डब्यात बसल्यावर मामांना सुचली. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेला जोराचे वारे वाहतात. मुंबईहून कोलकात्याला जाणारे विमान त्यामुळे लवकर पोहोचते आणि परतताना अधिक वेळ घेते. नांदेड–हिंडन मार्गावर मात्र हा वारा जाताना आणि येताना सारखाच आडवा लागतो, म्हणून वेळापत्रकात दोन्ही दिशांना दोन तासच लिहिलेले आहेत.

संभाजीनगरला लंगर मिळाला, जालन्याला पुन्हा मिळाला आणि आम्ही दोन्ही ठिकाणी जेवलो. जालन्यापुढे एकेरी रूळ असल्यामुळे एका लहान स्थानकात गाडी समोरच्या गाडीसाठी अर्धा तास बाजूला उभी राहिली. कोणी खाली उतरून ओला हरभरा घेतला, कोणी पाणी भरले. डब्यातला प्रत्येक जण आपापल्या गावाला किती उशीर होणार याचा हिशेब करू लागला आणि मामांनी त्या सर्वांचे हिशेब वहीच्या आधारे दुरुस्त करून दिले. सेलू गेले, मानवत रोड गेले. परभणीच्या फलाटावर सेवादार बादल्या घेऊन उभेच होते. मामी म्हणाल्या, "आता घरी जाऊन स्वयंपाक कोण करणार?" आणि तिन्ही ताटे पिशवीतून पुन्हा बाहेर निघाली.